शब्दचर्चा : फायलीला व्हायरस लागतो, चिकटतो की बाधतो?

अंत्रुजकर :

गोव्यात सत्तरीतल्या एका शाळेच्या संगणक खोलीत लावायला पानभर सूचना मराठीत लिहून द्यायची आहे. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, फायलींना धरणाऱ्या व्हायरसांबद्दल. पहिल्याच ओळीत अडलोय. मी लिहिलं, 'संचिकासंक्रामक विषाणू यजमान संचिकेस बाधित करतो.' घरी मोठ्याने वाचून दाखवलं, तर बायको म्हणाली, 'हे डेंग्यूचं पत्रक का?'

वाचणारी पोरं आठवी-नववीची. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि इंग्रजी. 'कंप्युटराक वायरस लागला' असं ती सहज म्हणतात. पण 'लागला' एवढ्याने भागेल का? लागण, संसर्ग, बाधा, प्रादुर्भाव यांतलं नेमकं काय घ्यावं? आणि ज्या फायलीत तो राहतो, इंग्रजीत जिला 'होस्ट' म्हणतात, तिला 'यजमान' म्हणणं मला खटकतं. यजमान म्हणजे सत्यनारायणाला सोवळं नेसून पाटावर बसलेला माणूस.

कुळागर :

'प्रादुर्भाव' सोडूनच द्या, तो वर्तमानपत्रातच बरा. 'लागण' चांगला, पण त्यात एक गंमत आहे. कोल्हापूरकडच्या माणसाला लागण म्हटलं की आधी ऊस आठवतो. आपल्याकडे 'लाग' म्हणजे झाडाला धरलेलं फळ, 'यंदा माडाला लाग बरा आहे'. एकाच लागण्यातून पीकही येतं आणि रोगही. संदर्भाने कळतं म्हणा.

'यजमान' नको हे पटलं. शास्त्राच्या पुस्तकांत तो असतो खरा, पण यजमान पाहुण्याला बोलावतो, इथे बोलावणं कोणीच केलेलं नसतं. मी म्हणेन, बागेत जाऊन बघा. आंब्यावर बांडगूळ येतं ना? त्याची बी जमिनीत पडली तर फुकट गेली. फुलटोच्या पक्षी फळ खातो, चिकट बी फांदीला पुसून टाकतो, ती तिथेच रुजते, सालीत मूळ घुसवते आणि झाडाचं पाणी पिते. झाड लगेच मरत नाही, लांबून बघणाऱ्याला तर हिरवंगारच दिसतं. फायलीला धरणारा व्हायरस यापेक्षा वेगळा काय? होस्टला 'पोशिंदा' म्हणा, पोशिंदी फाइल.

शब्दवेडी :

'विषाणू'ला हसू नका हो. लॅटिनमध्ये 'व्हायरस' म्हणजे विषच, आणि आपलं 'विष' त्याचं लांबचं नव्हे, चांगलं जवळचं नातलग. दोन्ही एकाच मुळातून आलेत.

संगणकाला हे नाव चिकटलं ते १९८३ मध्ये. फ्रेड कोहेन तेव्हा सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत होता. त्याने असा प्रोग्राम वर्गात करून दाखवला आणि 'व्हायरस' हा शब्द सुचवला त्याचे शिक्षक लेन एडलमन यांनी. कोहेनची व्याख्या बघण्यासारखी आहे. जो प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामांत फेरफार करून त्यांत स्वतःची प्रत घालतो, तो व्हायरस. नुकसानीचा त्यात उल्लेखच नाही! मराठीत मात्र विष म्हटलं की आधी नुकसानच डोळ्यांसमोर येतं. म्हणून संगणकापुरता मी 'व्हायरस'च ठेवीन.

आणि 'संचिका', 'धारिका' या दोघींना सचिवालयात सुखाने नांदू द्या. फाइल, फायलीत, फायलींना असं चालवलं तर मराठी विभक्ती कुरकुर करत नाही.

फ्लॉपीवाला :

शब्द ठरवण्याआधी ते प्रकरण काय करतं ते बघा.

१९९२ मध्ये म्हापशात एका क्लासला जायचो. सव्वापाच इंची फ्लॉप्या, काळा पडदा, हिरवी अक्षरं. आमचे सर फार शिस्तीचे. फ्लॉपीतल्या प्रत्येक प्रोग्रामचा आकार बाइटसह वहीत लिहून ठेवायला लावायचे. का ते कळायचं नाही, आम्ही वैतागायचो. एकदा एका गेमच्या ईएक्सई फायलीचा, म्हणजे जी चालवली की गेम सुरू होतो तिचा, आकडा वहीशी जुळेना, १,८०८ ने जास्त. गेम चालत होता व्यवस्थित. सरांनी तो पुन्हा चालवला, पुन्हा आकार बघितला, आणखी १,८०८ चढलेले. सर म्हणाले, 'फुगली बघ.' हा शब्द मी कुठल्या पारिभाषिक कोशात पाहिला नाही, पण याहून चांगला मला आजतागायत मिळालेला नाही.

तो जेरुसलेम व्हायरस. १९८७ मध्ये जेरुसलेमला सापडला म्हणून ते नाव. शहाणा व्हायरस एखाद्या फायलीत आपण आधीच बसलोय का हे तपासतो, खूण दिसली की तिला सोडून देतो. जेरुसलेमच्या कर्त्याची ही तपासणी ईएक्सई फायलींच्या बाबतीत चुकली होती. त्यामुळे तीच फाइल तो पुन्हापुन्हा धरायचा आणि ती फुगत जायची. चोर चोरीत हुशार आणि बेरजेत कच्चा.

आता तो बसतो कसा? साधारण पद्धत अशी की तो आपलं अंग फायलीच्या शेपटीला जोडतो आणि फायलीच्या सुरुवातीला जिथे 'इथून वाचायला लागा' असा पत्ता असतो, तो पत्ता बदलून स्वतःकडे वळवतो. तुम्ही गेम सुरू करता तेव्हा यंत्र आधी व्हायरसकडे जातं. तो आपलं काम उरकतो आणि मग मुकाट्याने मूळ प्रोग्रामच्या हाती सूत्रं देतो. गेम दिसतो, तुम्ही खूश. जेरुसलेमसारखा असेल तर तो तेवढ्यावर थांबत नाही, यंत्राच्या मेमरीत मुक्काम ठोकतो. मग यंत्र बंद करेपर्यंत जो जो प्रोग्राम चालवाल त्याला धरत जातो. अर्ध्या तासाने यंत्र रेंगाळायला लागायचं, तेवढंच काय ते बाहेरून कळायचं.

आणि शुक्रवारी १३ तारीख आली की चालवाल तो प्रोग्राम पुसून टाकायचा. १३ मार्च १९९२ ला शुक्रवार होता. सरांनी गुरुवारी संध्याकाळीच सगळ्या मशिनांची तारीख १४ करून ठेवली. क्लासपुरता त्या महिन्यात १३ तारखेचा लोप झाला.

तेव्हा माझं मत : फायलीपुरतं 'चिकटणे' किंवा 'धरणे', यंत्रभर 'पसरणे', आणि झाल्या प्रकाराला 'लागण'. 'बाधा' नको, बाधा म्हटली की पुढे नारळ आणि कोंबडा येतो.

अंत्रुजकर :

फ्लॉपीवाले बाब, बाधेचं तुम्ही हसण्यावारी नेलंत, पण तुमचं वर्णन वाचून मला जत्रेतला भार आठवला. माणूस तोच, कपडे तेच, आवाजही त्याचाच, आणि बोलतोय भलताच कोणी. भार उतरला की माणूस पुन्हा आपल्या कामाला. प्रोग्राम चालू होतो आणि आधी व्हायरस बोलून घेतो, हे तसंच नाही का?

शब्दवेडी :

उपमा झकास, पण सूचनेत नको हो. भार देवाचा असतो, भाविक घरातलं पोर दुखावेल.

पणजीची डीटीपीवाली :

सगळे नामावर अडलेत. माझं नुकसान क्रियापदाने केलंय, ते सांगते.

मी एका प्रेसमध्ये पत्रिका, पावत्या, फेस्ताच्या जाहिराती लावायचे. गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह घेऊन यायची. एकदा एका पेनड्राइव्हवर पिवळं फोल्डर दिसलं, नाव 'लग्नपत्रिका'. मी ते 'उघडलं'. काहीच झालं नाही, म्हणून परत उघडलं. ते फोल्डर नव्हतंच, फोल्डरचं चित्र लावलेली ईएक्सई होती. फायलीच्या नावाची शेपटी, म्हणजे ती कुठल्या प्रकारची ते सांगणारी शेवटची अक्षरं, विंडोज मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे 'लग्नपत्रिका'च्या पुढचं 'डॉट ईएक्सई' मला दिसलंच नाही. मी उघडलं नव्हतं, चालवलं होतं.

आत सॅलिटी नावाचा व्हायरस होता. २००३ पासून फिरणारा, ईएक्सई फायलींना धरणारा. संध्याकाळपर्यंत मशीनवरचे निम्मे प्रोग्राम त्याने धरले. अँटिव्हायरस लावला तर त्याने काही साफ केले आणि जे साफ होईनात ते उडवले. त्यात आमचा मराठी टायपिंगचा प्रोग्रामही गेला. आणि बघा, गिऱ्हाइकाच्या आधी लावलेल्या चाळीस पत्रिका जागच्या जागी, एका अक्षराला धक्का नाही. त्या उघडणारा प्रोग्राम मात्र मेलेला. तांदूळ आहेत, चूल गेली. त्या रात्री नवरीच्या बापाला मी फोनवर काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

आपण मराठीत फोटोही उघडतो, पत्रही उघडतो आणि प्रोग्रामही उघडतो. फायलीला धरणारा व्हायरस कॉपी केल्याने जागा होत नाही, यादीत नाव दिसल्याने होत नाही. पोशिंदी फाइल चालली की तो चालतो. सूचनेत 'अनोळखी फाइल उघडू नये' लिहिलंत तर पोरं घाबरून फोटोही बघणार नाहीत, किंवा काहीच मनावर घेणार नाहीत.

कुळागर :

बाय, मानलं. पण मग वर्डच्या फाइलीला व्हायरस लागतो तो कसा? ती तर आपण उघडतोच, चालवत नाही.

पणजीची डीटीपीवाली :

तिच्या पोटात मॅक्रो असतो, म्हणजे लहानसा प्रोग्रामच. उघडता उघडता तो चालतो. १९९५ मध्ये 'कन्सेप्ट' नावाचा आला तो तसलाच. म्हणून हल्ली वर्ड आधी विचारतं, मॅक्रो चालू द्यायचा का. पत्राच्या पाकिटात फटाका, असं समजा.

चिरेबंदी :

'फुगणे'वर एक शंका. सगळेच फुगवत नाहीत. १९९८ मध्ये तैवानच्या चेन इंग-हाउ नावाच्या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच घ्या, त्यालाच पुढे चेर्नोबिल म्हणू लागले. विंडोजच्या ईएक्सई फायलीत विभागांच्या मध्ये मोकळी जागा उरते, जुन्या चिऱ्याच्या भिंतीत दोन चिऱ्यांमध्ये सांध उरते तशी. सीआयएच स्वतःचे तुकडे करून त्या सांधींत बसायचा. तो सगळा मिळून जेमतेम एक किलोबाइट. फाइल बाहेरून तेवढीच. म्हापशाच्या सरांची वही इथे हरली असती.

आणि तो नुसता बसला नाही. २६ एप्रिल १९९९ ला हार्डडिस्कच्या सुरुवातीच्या एक मेगाबाइट भागावर शून्यं लिहिली, काही मशिनांत मशीन सुरू करून देणाऱ्या, मदरबोर्डवरच्या बायोस चिपमध्येही कचरा भरला. तशी मशीन चालूच होत नसत, पडदा काळा तो काळा. चेर्नोबिलचा अपघात २६ एप्रिलचाच, म्हणून ते नाव, एरवी संबंध काही नाही.

तर याच्यासाठी 'चिकटला' पुरेसा नाही. 'सांधीत शिरला' म्हणा. आमच्याकडे पावसाळ्यात विंचू असाच शिरतो.

फ्लॉपीवाला :

मान्य. वही हरली.

कुळागर :

आणि इंग्रजीत ज्याला 'वर्म' म्हणतात त्याला? काही जण सरसकट 'कीड' म्हणतात.

शब्दवेडी :

वर्मला पोशिंदा लागत नाही, तो नेटवर्कवरून आपला आपण सरपटत जातो, म्हणून कीड शोभते. फक्त या सूचनेत त्याला आणू नका, गोंधळ होईल.

अंत्रुजकर :

बरं, हे लिहिलंय, बघा :

'काही व्हायरस प्रोग्रामच्या फायलीला चिकटतात, काही तिच्या आत शिरतात. आंब्याला बांडगूळ धरतं, तसं. ती फाइल चालवली की आधी व्हायरस चालतो आणि मशीनवरच्या दुसऱ्या प्रोग्रामांना धरतो. पेनड्राइव्हवरच्या फायलीच्या नावाची शेपटी आधी बघा. फोटो, गाणं किंवा फोल्डर असं वाटत असून शेवटी ईएक्सई असेल, तर ती चालवू नका, सरांना दाखवा. लागण झालेली फाइल अँटिव्हायरसने निर्जंतुक करता येते.'

पणजीची डीटीपीवाली :

शेपटी बघा म्हणताय, पण ती दिसायला हवी ना! विंडोजमध्ये नावाची शेपटी दाखवण्याची खूण आधी चालू करून ठेवायला सांगा सरांना. आणि 'करता येते' नको, 'कधी कधी करता येते'. मूळ फाइल व्हायरसखाली शाबूत असेल तर व्हायरस कापून ती पूर्ववत होते. पण काही व्हायरस मूळ मजकुरावरच स्वतःला लिहितात, तिथे वाचवायला काही उरलेलंच नसतं. अशी फाइल उडवायची आणि प्रोग्राम नव्याने घालायचा.

फ्लॉपीवाला :

आणि 'निर्जंतुक' काढा. ते दवाखान्यात सुरीला करतात. 'साफ' लिहा.

अंत्रुजकर :

'साफ' लिहिलं, 'कधी कधी'ही घातलं, शेपटीची खूणही पहिल्या ओळीत घेतली. बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, 'बांडगूळ ठीक आहे, पण आमच्या आंब्यावरचं कधी काढणार?'