'भावना बाजूला ठेवून निर्णय घ्या' हा सल्ला मला पटत नाही

धागालेखिका:
मीटिंगमध्ये कुणाचा आवाज जरा चढला की लगेच ऐकू येतं, "भावना बाजूला ठेवा, मग ठरवू." अशा वेळी मला मेंदूतज्ज्ञ अँटोनियो दमासिओ यांचा एक रुग्ण आठवतो. गाठीच्या शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली. बुद्धी आणि स्मरणशक्ती शाबूत राहिली, पण भावना जवळपास विझल्या. पुढे त्याची नोकरी गेली. कागद तारखेप्रमाणे लावायचे की विषयाप्रमाणे, यावर तो अख्खी दुपार घालवायचा. काय महत्त्वाचं हे आतून जाणवतच नसेल, तर माणूस ठरवणार कशाच्या जोरावर?

प्रतिसाद १:
असहमत. ते आजारी माणसाचं उदाहरण झालं. आमच्याकडे धडधाकट साहेबांच्या मूडवर अप्रेझल ठरतं. मानसशास्त्रज्ञ लर्नर आणि केल्टनर यांनी 2001 मध्ये दाखवलं होतं की घाबरलेल्या माणसाला धोका मोठा दिसतो आणि रागावलेल्याला लहान. म्हणजे सकाळी घरून भांडून आलेला माणूस दुपारी बेधडक सही करणार, आणि निस्तरायचं टीमने!

प्रतिसाद २:
लेखिकेशी सहमत. नासाचं चॅलेंजर अंतराळयान आठवा. उड्डाणाच्या आदल्या रात्री इंजिनिअर कळवळून सांगत होते, एवढ्या थंडीत उडवू नका. एका वरिष्ठाला तर इंजिनिअरची टोपी काढून मॅनेजरची घालायला सांगितलं गेलं. 28 जानेवारी 1986 ला उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं आणि त्यातले सात जण गेले. त्या इंजिनिअरांची काळजी ऐकायला हवी होती.

प्रतिसाद १:
@प्रतिसाद २, उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यांच्याकडे नुसती काळजी नव्हती. वर्षभरापूर्वीच्या थंडीतल्या उड्डाणात रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी रिंगांचं काय झालं, याचा पुरावा होता. भावनेच्या आहारी गेले ते वरचे लोक. वेळापत्रकाचं दडपण ही भावना नाही तर काय?

धागालेखिका:
हा मुद्दा एकदम मान्य. पण मग 'भावना बाजूला' म्हणणाऱ्यांनी नेमकी कोणती भावना बाजूला ठेवली? खालच्यांची काळजी. वरच्यांची घाई तशीच राहिली, कारण तिला कुणी भावना म्हणतच नाही. माझा राग या फाईलमुळे आलाय की सकाळच्या भांडणातून, एवढं तपासावं. फाईलचा असेल तर त्यात माहिती आहे, तो टेबलावर मांडावा. घरचा असेल तर सही उद्या करावी. एवढंच म्हणतेय.

प्रतिसाद ३:
ज्याच्या हातात सही आहे तो स्वतःला असं विचारेल, हे मला शक्य वाटत नाही. हाताखालच्याने रागाचं कारण विचारायची सोय नसते. त्यापेक्षा बढतीचे निकष नावं समोर येण्याआधी लिहून ठेवा आणि दोघांनी एकमेकांना न दाखवता गुण द्या.

धागालेखिका:
निकष हवेतच. पण ते लिहायला बसतानाही कशाची चाड आहे, ते आधी ठरवावं लागतंच ना?