वाळपईहून हेमकुंड: दम पुरेल का?

वाळपईकरीण
वय 51. साखर, बीपी नाही, गुडघे ठीक आहेत. माटोळीचं (गणेशचतुर्थीला गणपतीवर टांगतो ती रानफळा-फुलांची चौकट) सामान आणायला लहानपणापासून रानात चढ-उतार केलीय, आताही दर रविवारी वाघेरीच्या डोंगरावर जाते. पण उत्तराखंडातलं हेमकुंडचं तळं चार हजार मीटरहून जास्त उंचीवर आहे आणि मी समुद्राजवळची बाई. घोड्यावर बसायचं नाही, चालतच जायचंय. चवथीआधी जावं की नंतर? माटोळी मीच बांधते, त्यामुळे चवथीला घरी असायलाच हवं.

फोंड्याचा वाटसरू
ताई, पायांची चिंता सोडा. वाघेरी चढणारे पाय तिथे कमी पडत नाहीत, कमी पडते ती हवा.

मी 58 व्या वर्षी ऑगस्टमध्ये गेलो होतो. रात्री जोशीमठ, दुसऱ्या दिवशी घांगरिया, तिसऱ्या पहाटे थेट हेमकुंड. घांगरिया हे हेमकुंडाखालचं मुक्कामाचं गाव 3,050 मीटरच्या आसपास, आणि तिथून 6 किलोमीटरांत हजार मीटरहून जास्त चढण. शेवटचा एक किलोमीटर उरला असताना डोकं फुटेल असं दुखू लागलं, उलटी झाली. मुकाट्याने खाली आलो. पुढचा दिवस जवळच्या फुलांच्या घाटीत रमतगमत काढला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तीच वाट दम न लागता, हळूहळू चढलो. म्हणून सांगतो, आधी घाटी, मग हेमकुंड. घांगरियात दोन रात्री झोपूनच वर जा.

पहाटे पाचला निघा, कारण वर मुक्काम करता येत नाही, दुपारी उतरावंच लागतं. धुकं सरलं तेव्हा तळं दिसलं आणि मी बराच वेळ बोललोच नाही. काठावर गुरुद्वारा, शेजारी लक्ष्मणाचं देऊळ. लंगरातली गरम खिचडी आणि चहा मी आयुष्यभर विसरणार नाही. शेवटच्या टप्प्यात वाटेकडेला ब्रह्मकमळं फुललेली असतात. माटोळीची सवय असलेल्या हाताला मोह होईल, पण तोडू नका.

डिचोलीची परिचारिका
डोकेदुखीबरोबर उलटी झाली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर थांबून वाट बघू नका, लगेच खाली उतरा. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर आधीच सांगा.

फोंड्याचा वाटसरू
अगदी खरं. चवथीचं म्हणाल तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जा. पावसात दरड कोसळून तिकडे जाणारा बद्रीनाथचा रस्ता बंद पडतो, म्हणून दोन दिवस जादा ठेवा. आणि जत्रेतलं खाजं न्या, आलं-गुळाचं. थंडीत तोंडाला तेवढीच चव येते.

वाळपईकरीण
दोन रात्री घांगरियात, ठरलं. वास्कोहून गोवा एक्स्प्रेसने दिल्लीपर्यंत जाईन. काका, उतरताना काठी लागते का? दगडी पायऱ्या आहेत असं ऐकलं.

फोंड्याचा वाटसरू
लागतेच. ओल्या दगडावर मी दोनदा घसरलो. पायऱ्या चढताना घ्या, उतरताना घोड्यांची वळणावळणाची वाट धरा. लांब आहे, पण गुडघे वाचतात.