तिखट शेवटी, पाया एकच

रोज नवा पदार्थ नसेल तर घरचे कंटाळतात, असं एकीने लिहिलेलं वाचलं. मला नाही पटत. मुलं उलट ओळखीचंच मागतात. कंटाळा येतो तो रांधणाऱ्याला!

आमचा हुकमी एक्का म्हणजे घट्ट डाळ-भात. डाळ बिनतिखटाची शिजवायची, मुलांपुरती बाजूला काढायची आणि उरलेलीवर लसूण-मिरचीची फोडणी चर्रकन ओतायची. लसूण ठेचू नका, जाडसर काप करा. ठेचलेला पटकन करपतो आणि सगळी डाळ कडवट होते. स्वयंपाक एकच, पण तिखटावरून भांडण नाही.

भात मुद्दाम जास्त लावते. गार भात मोकळा होतो, दुसऱ्या दिवशी अंडी आणि भाज्या घालून परतला की झालं. मात्र तो रात्रभर ओट्यावर ठेवू नका. पसरट डब्यात काढून तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि बाहेर राहिलेल्या भातात त्यांच्यापासून तयार होणारं विष नंतर गरम करूनही जात नाही.

नुसतं सूप? त्यावर आमच्याकडे कुणाचं पोट भरत नाही. बटाटा किंवा डाळ घालून दाट केलं तरच चालतं.