मसल कारचे ‘रिस्टोरेशन’ : जीर्णोद्धार, नूतनीकरण की पूर्ववत करणे?

प्रश्न : साठच्या दशकातील अमेरिकी मसल कार (म्हणजे मोठ्या ताकदीच्या इंजिनाची वेगवान गाडी) कारखान्यातून बाहेर पडली होती तशी करण्याच्या कामाला मराठीत काय म्हणावे? ‘जीर्णोद्धार’ हा शब्द भारदस्त वाटतो, पण तो अर्थाने बसतो का?

उत्तर : माझ्या मते बसत नाही. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये काशी विश्वेश्वराचे मंदिर नव्याने उभारले, त्यालाही आपण जीर्णोद्धारच म्हणतो. देवस्थान पुन्हा नांदते झाले, एवढे तेथे पुरते. जुने जसे होते तसेच उभे करावे, असे बंधन त्या शब्दात नाही आणि या गाड्यांच्या कामात तर ते बंधनच सर्वस्व आहे.

१९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो झेड/२८ घ्या. तिच्या ३०२ घन इंची इंजिनाच्या ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर), उजव्या हेडच्या (सिलिंडरवरील झाकणाच्या) पुढे, एका सपाट पट्टीवर अक्षरे ठोकलेली असतात : ‘व्ही’ म्हणजे अमेरिकेतील फ्लिंट शहरातला इंजिनांचा कारखाना, पुढचे चार अंक म्हणजे इंजिन जुळवल्याचा महिना व दिवस आणि ‘डीझेड’ म्हणजे झेड/२८ चे इंजिन. तेथेच किंवा ऑइल फिल्टरजवळ गाडीच्या ओळख क्रमांकाचा काही भाग असतो आणि ब्लॉक ओतल्याची तारीख त्याच्या मागच्या बाजूला असते. ओतकाम आधी, इंजिनाची जुळणी नंतर, गाडीची जुळणी त्याहून नंतर, असा क्रम लागला तरच जाणकार ते इंजिन त्या गाडीचे मानतात. दुर्दैवाने ती पट्टी ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाचाच भाग आहे. त्यामुळे मशीन शॉपमध्ये ब्लॉकला फेसिंग मारले, म्हणजे वरचा पृष्ठभाग तासून सपाट केला, की अक्षरेही जातात आणि कारखान्यातील यंत्राने उमटवलेल्या बारीक रेषाही जातात. इंजिन पूर्वीपेक्षा चांगले चालू लागते, पण पुरावा कायमचा नष्ट होतो, आणि हे पाहून खरोखर हळहळ वाटते.

‘नूतनीकरण’ तर याहून लांबचा शब्द आहे. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या त्या गाड्यांना अ‍ॅक्रिलिक लॅकर या प्रकारचा रंग मारलेला असे, दरवाज्यांच्या फटी पुष्कळदा कमीजास्त असत आणि रंगाचा फवारा नको तेथेही उडालेला असे. रंगावर मारल्या जाणाऱ्या आजच्या पारदर्शक थराने (क्लिअर कोटने) गाडी अधिक चकाकते, परंतु काटेकोर काम करणारा कारागीर त्या चकाकीचा मोह टाळतो आणि कारखान्यातील तपासनिसांनी केलेल्या खडूच्या व रंगाच्या खुणासुद्धा होत्या तेथे पुन्हा उमटवतो. म्हणून ‘पूर्ववत करणे’ हे साधे क्रियापदच मला सर्वांत प्रामाणिक वाटते. नाम हवे असल्यास ‘कारखान्यातील मूळ अवस्था’ असे लिहावे. बोलताना आपण ‘कंपनीतून निघाली तशी’ म्हणतो, त्यातही हाच अर्थ नेमका येतो.

दुसरे मत : ‘पूर्वपदावर आणणे’ हा रूढ प्रयोग असताना नवी घडण कशाला? शिवाय ‘संवर्धन’ हा शब्दही आहेच.

उत्तर : जनजीवन पूर्वपदावर येते, म्हणजे व्यवहार पुन्हा सुरळीत होतात. दुसरे इंजिन बसवलेली गाडीही त्या अर्थाने पूर्वपदावर येईल. ती पूर्ववत मात्र होणार नाही. ‘संवर्धन’ आणि ‘जतन’ हे शब्द मी वेगळ्या गाड्यांसाठी राखून ठेवीन. ज्यांचा पहिला रंग, पहिल्या गाद्या आणि पहिले बोल्ट अजून तसेच आहेत, त्या गाड्यांना अमेरिकेत स्वतंत्र मान आहे, कारण इतर गाड्या पूर्ववत करताना त्याच नमुना म्हणून पाहाव्या लागतात. ‘मूळ’ हे विशेषणही अशाच गाडीला लावावे; कितीही काटेकोरपणे पूर्ववत केली तरी ती गाडी ‘मूळ अवस्थेत आणलेली’ असते, ‘मूळ’ नव्हे. आपल्याकडे २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे केंद्रीय नियम आले, त्यांतही ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिची चासी (खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. त्यामुळे मराठीत लिहितानाही हा भेद सांभाळणे आवश्यक आहे.

याच ओघात आणखी एक. ज्या गाडीत तिचेच इंजिन आहे, तिला ‘जुळत्या क्रमांकांची गाडी’ म्हणता येईल. त्याच जातीचे, योग्य तारखेचे, पण दुसऱ्या गाडीतून काढलेले इंजिन बसवले असेल, तर ‘योग्य तारखेचे इंजिन’ एवढेच लिहावे. जाहिरातींत ही दोन्ही वर्णने सरमिसळ होतात आणि खरेदीदार फसतो.