स्ट्राइप असेमध्ये नेझल अ‍ॅक्सॉनही एफ्रिन टाळतात, मदत हवी आहे

कोंबडीच्या ६ दिवसांच्या भ्रूणाच्या रेटिनाच्या पट्ट्या वापरून स्ट्राइप असे (अ‍ॅक्सॉन, म्हणजे चेतापेशींचे लांब तंतू, कोणत्या पट्ट्यावरून वाढतात हे पाहायची चाचणी) करतेय. एफ्रिन-ए५-एफसी (अ‍ॅक्सॉनना दूर सारणारं प्रोटीन, एफसी या अँटिबॉडीच्या तुकड्याला जोडलेलं) आधी अँटी-एफसी अँटिबॉडीने क्लस्टर करते, सिलिकॉनच्या साच्यातून पट्टे काढते, मग सगळीकडे लॅमिनिन (अ‍ॅक्सॉन ज्यावर वाढतात ते प्रोटीन). टेम्पोरल (रेटिनाच्या कानशिलाकडच्या बाजूचे) अ‍ॅक्सॉन अपेक्षेप्रमाणे मधल्या गल्लीतून जातात. पण नेझलही (नाकाकडच्या बाजूचे) तेच करतात! पट्ट्याच्या कडेला फिलोपोडिया (बोटांसारखे बारीक धागे) टेकले की ग्रोथ कोन (अ‍ॅक्सॉनचं वाढतं टोक) तिथेच आक्रसतो.

बॉनहोफर गटाच्या १९८७ च्या प्रयोगात टेक्टमची (रेटिनाचे अ‍ॅक्सॉन मेंदूच्या ज्या भागात जातात त्याची) मेम्ब्रेन वापरली होती; तिथे नेझल अ‍ॅक्सॉन निवडच करत नव्हते.

नुसत्या एफसीचे पट्टे दोघंही सरळ ओलांडतात, त्यामुळे साचा आणि लॅमिनिनवर शंका नाही. एफ्रिनची मात्रा निम्मी केली, तरी फरक नाही. आणखी उतरवली तर टेम्पोरलही बेधडक आत शिरतात. नेझल अ‍ॅक्सॉनवरचं स्वतःचं एफ्रिन-ए त्यांच्याच रिसेप्टरला (एफ्रिन ओळखणाऱ्या प्रोटीनला) दाबून ठेवतं हे माहीत आहे, पण ते निघून जाईल असं ट्रिप्सिन किंवा पीआय-पीएलसी (पेशीवरची प्रोटीनं तोडणारी एन्झाइम) कुठेच वापरलेलं नाही. नेझल-टेम्पोरलची अदलाबदल झालेली नाही, ऑप्टिक फिशरवरून दिशा तपासली आहे.

बजेटमध्ये आता एकच नवं प्रोटीन बसतं. ए५ दोघांनाही हाकलतंच असं धरून एफ्रिन-ए२ (त्याच कुटुंबातलं दुसरं प्रोटीन) मागवू, की ए५ च्याच मधल्या मात्रांमध्ये फरक दिसेल? कुणी दोन्ही शेजारी-शेजारी करून पाहिलंय का?