मदत हवी आहे: वाघाटी की बिबट्या मांजर?

वेंगुर्ल्याजवळच्या काजूबागेतल्या कॅमेरा ट्रॅपचा (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) रात्रीचा फोटो ओळखायचाय. वाघाटी आणि बिबट्या मांजर, दोन्ही लहान जंगली मांजरं. इन्फ्रारेडमुळे सगळं करडं. ठिपके तांबूस (वाघाटीचे) की काळे (बिबट्या मांजराचे), कळायला मार्ग नाही. शेपटी धडाच्या साधारण निम्मी, तिच्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. कपाळावर पांढऱ्या रेघा, कान लहान, गोलसर. माझा कौल वाघाटीला (मोठी झाली तरी जेमतेम दीड किलोची!). पण कान समोरून दिसताहेत, त्यामुळे बिबट्या मांजराला कानामागे असतो तो पांढरा ठिपका तपासता येत नाही.

कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आहे, म्हणून नुसती पाठच येते. वीतभर उंचीवर आणून फ्लॅशवर टिशूपेपर चिकटवला तर जवळचं अंग पांढरंफटक होणं थांबेल ना? वाघाटी झाडावरही चढते. दुसरा कॅमेरा आडव्या फांदीवर लावायचा तर पानं हलून फुकटचे फोटो निघतात, त्यावर काय करता?