मदत हवी आहे : भयपट, अभिनय जमला पण गोष्ट कळत नाही

वाड्यातला_दिवा : लघुपट आहे, रविवारी द्यायचाय. कामं सगळ्यांची झक्कास, आत्याचं तर विचारूच नका. पण ज्याला दाखवला तो शेवटी विचारतो, "म्हणजे झालं काय नेमकं?" फ्लॅशबॅक कृष्णधवल करून पाहिले, फरक नाही. लवकर सांगा.

कट_टू : किती मिनिटांचा? मरतं कोण? रीशूट जमेल?

वाड्यातला_दिवा : २२ मिनिटं. आत्या मरते. रीशूट नाही, नागपूरच्या महाल भागातला तो वाडा पाडायला घेतलाय.

कट_टू : कितव्या सीनला मरते?

वाड्यातला_दिवा : तिसऱ्या. नवव्यात भाचीला चहा देते.

कट_टू : लुगडं तेच?

वाड्यातला_दिवा : हो मग, कंटिन्युइटी सांभाळली ना!

कट_टू : तिथंच घोळ आहे. बघणाऱ्याला तो फ्लॅशबॅकही वाटतो, आणि आत्या मेलीच नव्हती असंही वाटतं. काम इतकं सहज की भुताची शंकाच येत नाही. नवव्याच्या आधी भाचीचा पाठमोरा शॉट शोध. ओठ दिसत नाहीत, तिथे डबिंग टाक : "आत्याचा तेरावा झाला की मी निघते."

झाडीपट्टी_फॅन : काऊन इतकं डोकं लावून राहिले? भूत आलं का लाल लाइट मारा. आमच्या गडचिरोलीत वडशाकडे रातभर नाटक चालते, शेवटच्या रांगेतल्यालेही समजते.

कट_टू : लाल लाइट मारला की आत्याचं काम मातीत. तिथे मंच असतो भाऊ, इथे चेहरा हातभर अंतरावर आहे.

खर्ज : डबिंग नुसतं चिकटवलं तर उघडं पडेल. शूट मे महिन्यातलं ना? कूलर चालू होता?

वाड्यातला_दिवा : प्रत्येक टेकमध्ये.

खर्ज : मग संवाद संपल्यापासून 'कट' म्हणेपर्यंतचे नुसत्या कूलरच्या आवाजाचे तुकडे जमवा, जोडून २०-२५ सेकंदांचा पट्टा करा. प्रत्येक जोडावर क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरताना दुसरा हळूच चढू द्या, नाहीतर टक् ऐकू येतं. तो डबिंगखाली अंथरा. नॉइज रिडक्शन (घरघर पुसणारा फिल्टर) जोरात लावू नका, माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. नवव्यात आत्या बोलते का?

वाड्यातला_दिवा : फक्त "घे" म्हणते.

खर्ज : सोनं आहे हे! तेवढं "घे" आणि कपबशीची किणकिण गोधडीखाली, माइक वीतभर लांब ठेवून रेकॉर्ड करा. मूळ ट्रॅक बंद. फिल्मभर कूलरची घरघर, आत्या आली की एकदम गप्प.

ट्यूब४० : ट्यूबलाइटखाली काळे पट्टे येत असतील तर शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची.

वाड्यातला_दिवा : पट्टे नाहीत येत, दादा. @खर्ज, नवव्यात कूलरच्या हवेनं पडदा हलतोय, त्याचं काय?

खर्ज : हलू दे. आवाज नाही अन् पडदा हलतोय, अजून बरं.

ट्यूब४० : कूलरला खस लावली होती का?

वाड्यातला_दिवा : पाठमोरा शॉट सापडला, सातव्या सीनमध्ये. दीडच सेकंद आहे. वाक्य बसत नाही.

कट_टू : "उद्या तेरावा." एवढंच म्हणू दे.